बंद बरणीतली बाग: टेरारियम चालतं कसं आणि नाशिकच्या हवेत ते टिकवायचं कसं

टेरारियमचा कुठलाही व्हिडिओ लावा, अर्धा वेळ थर लावण्यातच जातो, आधी खडे मग कोळसा मग जाळी मग माती, आणि दिसायला ते भारीच दिसतं, पण खरं सांगू का, टेरारियम जगतं की सडतं याच्याशी त्या थरांचा फारसा संबंध नसतो. सगळा खेळ तीन गोष्टींचा आहे, आत पाणी किती गेलं, उजेड किती मिळतोय आणि काच किती तापतेय. आणि नाशिकमध्ये राहात असाल तर तिसरी गोष्ट आधी बघा, कारण आपल्याकडे थंडीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि एप्रिल-मेमध्ये चाळीशीला टेकतो, व्हिडिओ बनवणारा माणूस कुठल्या तरी गार देशात बसलेला असतो, त्याचं बघून तसंच्या तसं इथे केलं की बरणी पहिल्याच उन्हाळ्यात उकडून निघते.

मुळात बंद टेरारियम आणि उघडा बाऊल या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत हे डोक्यात पक्कं बसलं की निम्मं काम झालं. आपल्या जिल्ह्यातलंच घ्या, झाकण लावलेली बरणी म्हणजे जुलैतली इगतपुरी आणि उघडा बाऊल म्हणजे सिन्नर. जे झाड इगतपुरीला खुश असतं ते सिन्नरला वाळणार आणि सिन्नरचं झाड इगतपुरीला नेलं तर कुजणार. गिफ्टच्या दुकानांत झाकणाच्या काचेच्या बरणीत निवडुंग आणि सक्युलंट, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणारी झाडं, लावून विकतात ना, ते बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण घेणारा महिनाभरात ते झाड घालवतो आणि वर म्हणतो की माझ्या हाताला झाडं लागत नाहीत. हाताचा काही दोष नाही हो, झाड चुकीच्या गावात नेऊन ठेवलं होतं.

आता झाकण लावलं तर झाड गुदमरणार नाही का, हा प्रश्न प्रत्येकालाच पडतो. माझी पंचवटीतली मावशी बरणी हातात घेऊन म्हणाली, "अगं, याला एखादं भोक तरी पाड की, जीव आहे ना त्याला!" मी म्हटलं मावशी, भोक पाडलं तर उलट तुलाच रोज पाणी घालायला लागेल. होतं काय, झाड मुळांनी जे पाणी ओढतं त्यातलं ९५ टक्क्यांहून जास्त पाणी ते पानांवरच्या बारीक छिद्रांतून वाफ करून सोडून देतं, स्वतःच्या वाढीसाठी अगदी थोडं ठेवतं. कुंडीत ती वाफ हवेत उडून जाते म्हणून आपल्याला परत परत पाणी घालावं लागतं. बरणीत ती जाणार कुठे? काचेला लागते, गार पडते, थेंब होतो, थेंब ओघळून मातीत येतो आणि मुळं परत तेच पाणी ओढतात. हवेचंही तसंच. दिवसा उजेडात झाड कार्बन डायऑक्साइड घेऊन ऑक्सिजन सोडतं, रात्री श्वासोच्छ्वासात ऑक्सिजन वापरून कार्बन डायऑक्साइड सोडतं, शिवाय गळलेली पानं मातीतले जीवाणू आणि बुरशी कुजवतात त्यातूनही कार्बन डायऑक्साइड परत मिळतो आणि पानातली पोषणद्रव्यंही परत मातीत येतात. बाहेरून आत येतो फक्त उजेड आणि बाहेर जाते फक्त उष्णता. म्हणून उजेडाची जागा चुकली की बाकी सगळं बरोबर असूनही गाडी अडते.

हे सगळं सापडलं ते योगायोगानंच. लंडनमध्ये नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड नावाचे डॉक्टर होते, त्यांना नेचे लावायची फार हौस पण कोळशाच्या धुरानं शहरातले नेचे टिकायचे नाहीत. १८२९ मध्ये त्यांनी एका पतंगाचा कोष बघायचा म्हणून ओलसर मातीत घालून बंद बाटलीत ठेवला आणि कोषाचं राहिलं बाजूला, त्या मातीत नेचा आणि गवत उगवलं, तेही कुणी पाणी न घालता. मग त्यांनी काचेच्या बंद पेट्या करून घेतल्या आणि १८३३ मध्ये झाडं भरून अशा दोन पेट्या जहाजानं थेट सिडनीला पाठवल्या, काही महिन्यांचा समुद्रप्रवास करून झाडं जिवंत पोचली. याच्याआधी जहाजावर नेलेली बहुतेक रोपं खाऱ्या वाऱ्यानं आणि गोड्या पाण्याच्या टंचाईनं वाटेतच मरायची. पुढे रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञानं चीनमधून हजारो चहाची रोपं हिमालयाच्या पायथ्याच्या बागांसाठी आणली ती याच पेट्यांतून, मलेरियाच्या औषधासाठी सिंकोनाची रोपं निलगिरीला आली तीही अशाच पेट्यांतून. म्हणजे टेबलावरची शोभेची वस्तू म्हणून आपण जे बघतो त्यानं एकेकाळी आख्ख्या देशांची शेती बदलली आहे, आणि त्यातला आपला वाटा काही छोटा नाही.

बरणी कुठली घ्यायची? पारदर्शक, बिनरंगाची, आणि तोंड एवढं मोठं की तुमचा हात आत जाईल. बस. भांड्यांच्या दुकानात मिळणाऱ्या रुंद तोंडाच्या काचेच्या बरण्या चालतात, जुना फिशटँक तर उत्तमच, वरून काच टाकायची. नाशिकमध्ये वाइनच्या रिकाम्या बाटल्या मिळायला काही तोटा नाही आणि त्यातच टेरारियम करायचा मोह बऱ्याच जणांना होतो, पण पहिल्यांदा करणाऱ्यानं त्या वाटेला जाऊच नये असं मला वाटतं, एक तर हिरवी किंवा तपकिरी काच झाडाला हवा असलेला बराचसा उजेड अडवते आणि दुसरं म्हणजे त्या निमुळत्या तोंडातून पिवळं पान काढायचं म्हणजे अर्धा तास चिमटा घेऊन झटापट. बरणी साबणानं धुवा, साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळून घ्या आणि उन्हात कोरडी करा.

आता थर. खाली खडे टाकले की जास्तीचं पाणी खाली उतरतं आणि मुळं कोरडी राहतात, असं सगळीकडे सांगतात. हे अर्धवट खरं आहे. बारीक छिद्रांच्या मातीतून मोठ्या फटींच्या खड्यांमध्ये पाणी असं सहजासहजी उतरत नाही, माती ते धरून ठेवते, ती पूर्ण भिजून ओथंबली की मगच खाली सोडते. पटत नसेल तर ओला स्पंज खड्यांवर ठेवून बघा, खडे कोरडेच राहतील आणि स्पंज ओलाच राहील. म्हणजे खड्यांचा थर असला तरी पाणी जास्त घातलं की मुळं चिखलातच असतात. मग थर घालायचाच नाही का? घाला, दोन-अडीच सेंटिमीटर घाला, कारण त्याचा एक फायदा आहे, खड्यांमध्ये साठलेलं पाणी काचेतून दिसतं आणि आपल्याला कळतं की बाई आता पुरे. त्याच्यावर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा, म्हणजे माती खाली घुसत नाही. कोळशाचं म्हणाल तर लोणारी कोळसा बारीक फोडून मूठभर मातीत मिसळून टाका, वास थोडा कमी राहतो आणि माती भुसभुशीत राहते, पण तो काही पाणी शुद्ध करणारं यंत्र नाही, नाही मिळाला तर अडून बसू नका. इस्त्रीवाल्याकडे विचारलं तरी मिळतो, फक्त पेटवायला सोपे पडावेत म्हणून केमिकल लावलेले ते दाबून केलेले कोळशाचे गट्टू घेऊ नका.

माती मात्र नीट करा, इथे घाई नको. आपल्या भागातली काळी माती द्राक्षाला, कांद्याला कितीही चांगली असली तरी बरणीत ती नको, ती पाणी पिऊन फुगते, चिकट होते, हवा खेळत नाही आणि मुळं गुदमरतात. मावशीची गुदमरण्याची भीती खरी ठरते ती इथे! कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, वीट भिजवून, दोनदा पाणी बदलून पिळून घ्या कारण त्यात खार असतो, मग दोन वाट्या कोकोपीट, एक वाटी जाडी धुतलेली वाळू किंवा परलाइट (हलके पांढरे दाणे असतात ते) आणि गांडूळखत अगदी अर्धी वाटी. खत जास्त घातलं तर चिलटं होतात आणि झाडंही वेड्यासारखी वाढून महिन्याभरात झाकणाला टेकतात. आपल्याला हळू वाढायला हवीयेत. रासायनिक खत तर अजिबातच नको, बाहेर वाहून जायला वाट नसल्यानं त्याचे क्षार आतच साठत जातात. मिश्रण मुठीत घेऊन दाबा, गोळा झाला पाहिजे पण बोटांमधून पाणी निथळायला नको, एवढीच ओल बरोबर. बहुतेक वेळा लावल्यानंतर वेगळं पाणी घालायची गरजच पडत नाही.

झाडं गंगापूर रोडच्या कुठल्याही नर्सरीत मिळतील. फिटोनिया घ्या, त्याच्या पानांवर पांढऱ्या किंवा गुलाबी शिरांची जाळी असते, तहान लागली की ते आख्खं झाड मान टाकतं आणि पाणी मिळालं की काही तासांत परत उभं राहतं, नवीन माणसाला शिकवणारं याच्यापेक्षा चांगलं झाड नाही. छोटे नेचे, सेलाजिनेला, बुटक्या पेपरोमिया, बारीक पानांची पिलिया, कंपाउंडच्या भिंतीवर चढवतात तो फायकसचा वेल, हे सगळं चालतं. जुन्या विहिरींच्या आतल्या कडेला काळ्या चकचकीत दांड्याचा हंसराज लटकलेला बघितला असेल, त्याला ओलसर हवा हवीच असते त्यामुळे तोही बरणीत खुलतो. मनी प्लांट आणि सिंगोनियम नको, जागा पुरत नाही. रोप कुंडीतून काढलं की जुनी माती हलक्या हातानं झाडा, मुळं पाण्यात बुडवून धुवा, पानांच्या खालची बाजू उलटी करून बघा, कापसासारखे पांढरे ठिपके म्हणजे पिठ्या ढेकूण, असं रोप बरणीत गेलं तर बंद खोलीत त्याला कुणी शत्रूच नाही, पंधरा दिवसांत सगळीकडे पसरतो. मुळं लांब असतील तर एक तृतीयांश कापली तरी फिटोनियाला काही होत नाही. आणि लावताना पानं काचेला चिकटणार नाहीत एवढं अंतर ठेवा, चिकटलेलं पान कायम ओलं राहतं आणि तिथूनच कुजायला सुरुवात होते.

मॉसबद्दल, म्हणजे त्या मखमली हिरव्या शेवाळाबद्दल, जरा सविस्तर लिहिते कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे होतो. मॉसला खरी मुळंच नसतात, ते पाणी पानांनीच शोषतं, म्हणून ते मातीत पेरायचं नसतं, ओल्या मातीवर ठेवून बोटांनी असं दाबायचं की खाली हवेची पोकळी राहणार नाही, जिथे पोकळी राहते तिथे ते पिवळं पडतं. बोअरचं जड पाणी त्याला सोसत नाही, त्यातले क्षार त्याच्यावरच साठतात आणि काचेवरही पांढरे डाग पडतात, म्हणून फिल्टरचं किंवा पावसाचं साठवलेलं पाणी वापरा. पावसाळ्यात गच्चीच्या कठड्यावर, जुन्या वाड्यांच्या भिंतींवर भरपूर मॉस येतं, आपल्याच घरचं थोडं उलथन्यानं खरवडून घ्या, पण एक लक्षात ठेवा, भिंतीवरच्या मॉसला उन्हाळ्यात वाळायची सवय असते, कायमच्या ओलीत त्यातलं काही तग धरतं आणि काही जातं, दोन-तीन ठिकाणचं लावा म्हणजे एखादं तरी रुळेल. अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर अशा ठिकाणांहून मात्र काहीही उचलून आणू नका, अगदी मूठभर मॉससुद्धा नको. अंजनेरीच्या पठारावर कंदीलपुष्पाची एक दुर्मिळ जात आहे, सेरोपेजिया अंजनेरिका, तिच्या नावातच आपला डोंगर आहे, अशा जागी पातळशा मातीचा एकेक थर किती पावसाळ्यांनी बनलेला असतो. पिशवी भरून मॉस आणताना लोक त्यातली बियाणं, कंद, किडे सगळंच ओरबाडून आणतात आणि बरणीत ते बहुतेक मरतंच. माझी ही हात जोडून विनंती समजा.

लावून झालं की झाकण लावा आणि जागा बघा. सूर्याचं थेट ऊन नको, एवढं एकच लक्षात ठेवलं तरी बरणी वाचते. काचेतून उजेड आत जातो, माती-पानं तापतात, त्यांच्यामुळे आतली हवा तापते आणि झाकण असल्यानं ती गरम हवा निसटू शकत नाही, बंद गाडी उन्हात उभी केली की होतं तेच. या झाडांना १८ ते २८ अंश सेल्सिअस बरं वाटतं. उत्तरेच्या खिडकीजवळ किंवा पूर्वेच्या खिडकीपासून तीन-चार फूट आत, जिथे दिवसा लाइट न लावता पेपर वाचता येतो, ती जागा चांगली. पश्चिमेच्या गॅलरीत मार्च ते जून ठेवूच नका. घरात उजेड कमी असेल तर साधा पांढरा एलईडी बल्ब फूटभर वर लावून रोज ८-१० तास चालू ठेवा, झाडाला तो मस्त चालतो. दांडे लांब आणि पानं एकमेकांपासून दूर दूर यायला लागली की समजायचं उजेड कमी पडतोय, काचेवर आतून हिरवा थर चढायला लागला की उजेड आणि ओल दोन्ही जास्त झालंय.

आणि आता खरी गंमत, बरणी वाचायची कशी. सकाळी उठल्यावर काचेच्या एका बाजूला, साधारण एक तृतीयांश भागावर धुकं आलेलं असतं, जवळून बघितलं तर वरच्या गळ्यापाशी थेंब मोठे असतात आणि खाली बारीक होत जातात, मधूनच एक थेंब दुसऱ्याला मिळतो आणि सरळ रेघ ओढत खाली येतो. दुपारपर्यंत काच साफ झाली तर पाणी अगदी बरोबर आहे, काहीही करू नका. दिवसभर सगळी काच पांढरी राहिली आणि आतलं काही दिसेनासं झालं तर पाणी जास्त आहे, झाकण दोन-तीन तास काढून ठेवा, काच आतून पुसून घ्या, दुसऱ्या दिवशी परत बघा. सलग चार-पाच दिवस एकही थेंब नाही आणि माती फिकट दिसतेय तर चमच्यानं, हो चमच्यानंच, दोन-तीन चमचे पाणी कडेकडेनं सोडा आणि दोन दिवस थांबा. हात शिवशिवतात मला माहितीये, पण घातलेलं पाणी परत काढता येत नाही.

पण हा नियम ऋतूप्रमाणे वाचावा लागतो आणि हे व्हिडिओत कुणी सांगत नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्री काच इतकी गार पडते की आतलं पाणी तेवढंच असूनही धुकं दुप्पट दिसतं, लोक घाबरून रोज झाकण उघडतात आणि झाड सुकवून टाकतात. थंडीत सकाळचं धुकं मनावर घेऊ नका, दुपारी दोनला बघा, तेव्हाही काच भरलेली असेल तरच काहीतरी करा. रात्री बरणी खिडकीच्या काचेला लावून ठेवू नका, फिटोनियाला दहा अंशांच्या खालची थंडी झेपत नाही. पावसाळ्यात उलटं, झाकण उघडून ठेवलं तरी बाहेरची हवाच दमट असल्यानं आतलं काही वाळत नाही, त्यात आठ-आठ दिवस आभाळ भरलेलं, म्हणजे ओल जास्त आणि उजेड कमी, बुरशीला अजून काय पाहिजे. जुलै-ऑगस्टमध्ये नवीन टेरारियम लावूच नये असं माझं मत आहे, ऑक्टोबर किंवा फेब्रुवारी बेस्ट. आणि एप्रिल-मेमध्ये बरणी घरातल्या सगळ्यात गार खोलीत जमिनीवर उतरवून ठेवा, वरच्या मजल्यावर स्लॅबखाली राहात असाल तर नक्कीच, कपाटाच्या वरची जागा आणि फरशीजवळची जागा यात चांगलाच फरक असतो.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत लाकडाच्या तुकड्यावर किंवा मातीवर पांढरी कापसासारखी बुरशी आली तर बरणी फेकायला निघू नका, ते बहुतेक सगळ्यांकडे होतं. इअरबडनं पुसून काढा, कुजलेलं पान काढा, थोडा वेळ झाकण उघडा. कायमचा उपाय हवा असेल तर स्प्रिंगटेल सोडा, टाचणीच्या टोकाएवढे पांढरे उड्या मारणारे जीव, झाडाला काही करत नाहीत, बुरशी आणि कुजलेलं खातात. घरी ओल्या कचऱ्याचं खत करत असाल तर त्यात कोळशाचा ओला तुकडा आठवडाभर पुरून ठेवा, मग उचलून वाटीभर पाण्यात बुडवा, स्प्रिंगटेल असतील तर पाण्यावर तरंगताना दिसतील, ते अलगद बरणीत ओता. ते बुडत नाहीत, पाण्याच्या पृष्ठभागावर चालतात, मुलांना दाखवा, त्यांना फार आवडतं.

उघड्या बाऊलबद्दल थोडक्यात. सक्युलंट, हॅवर्थिया, जेड हे इथे, आणि माती जवळपास दोन तृतीयांश खडबडीत, चाळलेला मुरूम किंवा विटांचा चुरा फार छान चालतो. काचेच्या बाऊलला खाली भोक नसतं म्हणून पाणी मोजून, माती तळापर्यंत वाळली की मगच, आणि पावसाळ्यात जवळपास नाहीच. भोक असलेली मातीची कुंडी सक्युलंटला कधीही जास्त सुखाची, बाऊल फक्त दिसायला छान म्हणून.

बाकी देखभाल फार नाही. आठवड्याला बरणी थोडी फिरवा म्हणजे झाडं एकाच बाजूला झुकत नाहीत, पिवळं पान दिसलं की काढा, झाकणाला टेकणारा शेंडा कापा, महिन्यातून एकदा झाकण थोडा वेळ उघडा. गावाला दोन-तीन आठवडे गेलात तरी कुणाला चावी देऊन पाणी घालायला सांगायची गरज नाही, उलट सांगूच नका. इंग्लंडमधल्या डेव्हिड लॅटिमर यांनी १९६० मध्ये मोठ्या बाटलीत ट्रेडेस्कॅन्शिया लावलं आणि १९७२ नंतर त्यात पाणीच घातलं नाही, तरी पुढे कित्येक दशकं ते हिरवंगार होतं. आपल्या छोट्या बरणीत तेवढं होईलच असं नाही, माती कमी, जागा कमी, साधारण दोन-तीन वर्षांत झाडं दाटतात आणि खालची पानं उजेडाअभावी गळायला लागतात. तेव्हा सगळं बाहेर काढा, फिटोनियाचे दोन पेरांचे शेंडे कापून घ्या, एक पेर मातीत जाईल असे खोचा, बंद ओलसर हवेत दोन-तीन आठवड्यांत त्यांना मुळं फुटतात, जुनी माती गच्चीवरच्या कुंड्यांमध्ये मिसळून टाका आणि उरलेले शेंडे छोट्या बरणीत लावून शेजारच्या काकूंना द्या, सोबत चमचा पण द्या.